मूल कॉलेजात गेलं, आता त्याच्या विश्वासाचं काय? कोकणातल्या ख्रिस्ती पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरांतून बॅगा भरायला लागतात. कोणी कोल्हापूरला, कोणी पुण्याला, कोणी मुंबईत मावशीकडे, कोणी गोव्यात. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात पालक गाठतात आणि दरवर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात. मी कॅथलिक आहे, म्हणून नियमांचा विषय येतो तिथे कॅथलिक नियम सांगितले आहेत. रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या प्रोटेस्टंट घरांनाही बाकीचं बरंचसं लागू पडेल.

मुलाला बाहेर पाठवण्याआधी काय करून ठेवावं?

हॉस्टेल बघायला जाता त्याच दिवशी जवळचं चर्चही बघून या. मुलाला सोबत घेऊन जा. खाणावळ कुठे, झेरॉक्स कुठे, डॉक्टर कुठे हे जसं आपण बघतो, तसंच हेही. मिस्सा किती वाजता आणि कोणत्या भाषेत असते ते विचारा. मालवणच्या मुलाला शहरातली इंग्रजी मिस्सा पहिले काही महिने परकी वाटते. मराठी मिस्सा असलेलं चर्च थोडं लांब असलं तरी सुरुवातीला तिथेच जाऊ द्या.

थोडा भूगोल उपयोगी पडेल. 2005 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपांकडचा प्रदेश) सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांचा आहे. म्हणजे कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत शिकणारं मूल आपल्याच बिशपांच्या धर्मप्रांतात असतं, आणि तुमच्या फादरांची तिथल्या फादरांशी ओळख असण्याची शक्यता मोठी. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश मिळाला तर रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. वसईचा धर्मप्रांत 1998 पासून स्वतंत्र आहे. पुण्यात क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च पेशवाईतलं, 1792 सालचं. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं. पहिल्या रविवारी मुलाला हे सांगितलं तर शहर जरा ओळखीचं वाटतं.

बाप्तिस्म्याचा दाखला आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास दृढ करण्याचा संस्कार) झालं असल्यास त्याचा दाखला, दोन्हींच्या प्रती फाइलीत ठेवा. अल्पसंख्याक संस्थांमध्ये प्रवेशाच्या वेळी बहुधा मागतात आणि पुढे लग्नाच्या वेळी तर लागतातच.

आणि एक संध्याकाळ मोकळी ठेवा. उपदेश करायला नको. तुम्ही स्वतः विश्वास का ठेवता, कधी डळमळला होतात, प्रार्थनेने तुम्हाला काय मिळालं, हे मुलाला सांगा. आमच्याकडे तेर्स (जपमाळेची प्रार्थना) रोज म्हणतात, खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन ही सामूहिक प्रार्थना होते, फेस्ताला (संताच्या सणाला) नवे कपडे येतात. पण आई-बाबांचा देवाशी काय संबंध आहे, हे बऱ्याच मुलांनी अठरा वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून ऐकलेलं नसतं.

दर रविवारी फोन करून “मिस्साला गेलास का?” विचारलं तर त्यात चूक काय?

आई विचारणारच, त्यात चूक काही नाही. पण त्याचा परिणाम काय होतो ते बघा. पहिले दोन महिने मूल खरं सांगतं. मग एका रविवारी ते झोपून राहतं. “नाही गेलो” म्हटल्यावर पलीकडून सुस्कारा, मग आजीचं नाव, मग “फादरांना काय सांगू?” पुढच्या रविवारपासून उत्तर येतं, “हो गेलेलो.” त्या दिवसापासून त्याच्या विश्वासाबद्दल तुम्हाला खरं काहीच कळत नाही. हजेरी तेवढी मिळते, आणि तीही खोटी.

घरी असताना मुलाला चर्चमध्ये नेणं हे आपलं काम होतं. अठराव्या वर्षानंतर ते काम आपल्या हातून सुटतं, फोनवरून तर अजिबात होत नाही. जे उरतं ते अवघड आहे: मुलाने खरं बोलावं असं माणूस होऊन राहणं. म्हणून प्रश्न बदला. “या रविवारी शुभवर्तमान कुठलं होतं? आमच्या फादरांनी आज फार लांबवलं,” असं म्हटलं की गेलेलं मूल बोलतं आणि न गेलेलं मूल निदान खोटं बोलत नाही. “तुझ्यासाठी काय मागू देवाकडे?” हा त्याहून चांगला प्रश्न. त्याच्या उत्तरात परीक्षा येते, रूममेटशी झालेलं भांडण येतं, कधी कधी काही तरी येतं ज्याची तुम्हाला कल्पनाही नसते. मग ते खरोखर मागा आणि आठवड्याने विचारा काय झालं ते. “जेवलंस काय?” आधी, मिस्सा नंतर, हा क्रमही चुकवू नका.

सकाळी सहाला पाठवायचे गुलाबांचे आणि बायबल-वचनांचे फॉरवर्ड मात्र थांबवा. मुलं ते उघडत नाहीत. महिन्यातून एकदा स्वतःच्या शब्दांत लिहिलेले दोन ओळींचे मेसेज ती जपून ठेवतात.

रविवारी क्लास, प्रॅक्टिकल, शिबिर असतं. मग?

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. आजारपण, प्रवास किंवा खरी अडचण असेल तर रविवारच्या मिस्साचं बंधन उरत नाही. तेव्हा त्या दिवसाचं बायबल-वाचन खोलीत शांतपणे वाचलं तरी चांगलं. मात्र दर रविवारी अडचण येत असेल, तर अडचण वेळापत्रकात नसते.

“माझा आता देवावर विश्वास नाही,” असं मुलगा म्हणाला. काय उत्तर देऊ?

लगेच काही उत्तर देऊ नका. आधी विचारा, “कधीपासून वाटतंय तुला असं?” आणि ऐका, मध्ये न बोलता. विश्वास नाही म्हणणाऱ्या मुलांच्या मनात निरनिराळ्या गोष्टी असतात. एखाद्याचा मित्र अपघातात गेलेला असतो. एखाद्याने चर्चमधली भांडणं, पैशांचे वाद, बड्या माणसांचा दुटप्पीपणा पाहिलेला असतो. एखाद्याला जीवशास्त्राच्या तासाला प्रश्न पडलेला असतो. एखाद्याला नुसतंच कंटाळा आल्याचं सांगायचं असतं. चौघांना एकच औषध चालत नाही, आणि ऐकल्याशिवाय कुठलं दुखणं आहे ते कळत नाही.

बायबलमध्ये शंकेला जागा आहे, हे मुलाला सांगा. ईयोब देवाला जाब विचारतो. स्तोत्रकर्ता “किती काळ?” म्हणून ओरडतो, आणि ती स्तोत्रं आपण आजही प्रार्थना म्हणून म्हणतो. येशू मरणातून उठला हे ऐकून थोमा हा शिष्य म्हणाला, जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही. येशूने त्याला हाकलून दिलं नाही, जखमा दाखवल्या. विशेष म्हणजे तो आठवडाभर बाकीच्या शिष्यांनी शंकेखोर थोमाला आपल्यातून काढलं नव्हतं. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा त्याच खोलीत त्यांच्याबरोबर होता. पालकांनी त्या बाकीच्या दहा शिष्यांकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं.

संत मोनिकेची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे स्वतः संत झाला, त्याचा जन्म 354 सालचा. कार्थेजला शिकायला गेला आणि मनिकेयी या चर्चबाहेरच्या पंथात शिरला, त्यात नऊ वर्षं राहिला. आई रडत, प्रार्थना करत राहिली, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण सुरुवातीला तिने त्याला आपल्या घरात, आपल्या पानाला घ्यायचं नाकारलं होतं. नंतर तिने घर पुन्हा उघडलं, तो अजून तिच्या मते वाट चुकलेलाच असताना. एका बिशपांना तिने विनवलं की माझ्या मुलाशी बोला, त्याला पटवा. ते म्हणाले, आत्ता तो शिकवण्याच्या पलीकडे आहे, त्याला राहू दे, प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, असंही म्हणाले. पुढे तर ऑगस्टीन आईला बंदरावर खोटं सांगून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला. 387 साली मिलानमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. बिशपांचा सल्ला तिला त्या दिवशी मुळीच आवडला नव्हता. आपल्यालाही आवडत नाही.

घरात एक गोष्ट मात्र ठाम ठेवा: नाताळला आणि घरच्या फेस्ताला त्याचं पान मांडलेलं असेल, तो देव मानो वा न मानो. फी, खर्चाचे पैसे, मोबाइल यांचा संबंध मिस्साशी कधी जोडू नका. भीतीने गुडघे टेकलेलं मूल नोकरी लागेपर्यंतच गुडघे टेकतं.

विज्ञान शिकून मुलं देव सोडतात का?

सोडणारी सोडतात, पण विज्ञानामुळे सोडलंच पाहिजे असं काही नाही. विश्वाचं प्रसरण आणि त्याची सुरुवात याविषयीचा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे मठवासी होते. त्यांचा निबंध 1866 साली छापून आला. उत्क्रांती आणि बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक यांत एकाचीच निवड करावी लागते, अशी कॅथलिक चर्चची शिकवण नाही. जग कसं घडलं याचा प्रयोगशाळेतला अहवाल उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात शोधायचा नसतो. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीपर्यंतची उत्तरं देऊन आम्ही मोकळे होतो, आणि मुलगी एम.एस्सी.ला प्रश्न विचारते तेव्हा तिच्या हातात सातवीचंच उत्तर असतं. तुम्हाला उत्तर येत नसेल तर “मला नाही माहीत, आपण दोघं वाचू” म्हणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला बापाने कलमाची आणि जनुकांची माहिती विचारली, तर मुलगा बापाशी बोलतो. तिथून देवापर्यंतही बोलणं जातं कधी तरी.

मित्राच्या घरी गणपतीला जावं का? आरतीला उभं राहावं का? प्रसादाचं काय?

कोकणात हा प्रश्न येणारच. गणपतीत कोकण रेल्वेच्या गाड्या फार आधी भरतात, कॉलेजं बंद असतात, तेव्हा आपली मुलंही त्याच सुट्टीत घरी येतात. शेजारी-पाजारी भजनं चालू असतात. आणि नाताळला नेवऱ्या-डोस (करंज्या आणि चणाडाळीच्या वड्या) घेऊन आपण त्याच शेजाऱ्यांकडे जातो, ते आपल्याकडची येशूजन्माच्या गोठ्याची आरास बघायला येतात. या जाण्या-येण्यावरच इथली गावं टिकली आहेत.

तर जावं. यजमानाला भेटावं, मोदक खावेत, आरती चालू असताना आदराने उभं राहावं, मोबाइल खिशात ठेवून. पूजा करणं, नैवेद्य दाखवणं हे मात्र आपल्या उपासनेत बसत नाही, आणि ते न केल्याने कुठलाही खरा मित्र दुखावत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली स्पष्ट सांगितलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही.

प्रसादावर आमच्याच घरांत एकमत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय नेमका याच विषयावर आहे. मुलाबरोबर बसून तो वाचा. पौल म्हणतो, मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. कोणाकडे जेवायला गेलात तर वाढलेलं चौकशी न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि मूर्तिपूजेत सहभागी होऊ नका, हे तर तो ठणकावून सांगतो. म्हणजे सरसकट “खा” नाही, सरसकट “खाऊ नका” नाही. माझ्या मते प्रसाद हातात घेऊन नम्रपणे बाजूला ठेवणारा मुलगा आणि मित्राच्या आईने दिला म्हणून खाणारा मुलगा, दोघंही विचार करून वागले असतील तर दोघांशी भांडू नये. काही प्रोटेस्टंट मंडळ्या याबाबत जास्त कडक आहेत. तिथली मुलं आपल्या पाळकांना विचारून ठरवतील.

मुलगी दुसऱ्याच पंथाच्या प्रार्थनासभेला जायला लागली आहे. थांबवावं का?

आधी तिथे तिला काय मिळालं ते बघा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: तिथे कोणी तरी तिचं नाव लक्षात ठेवलं. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये वर्षभर जाऊनही तिच्याशी कोणी बोललेलं नसतं आणि कॉलेजातली एक मैत्रीण तिला दहा जणांच्या बायबल-अभ्यासाला घेऊन जाते. कॉलेजांमधून जुनी, नावाजलेली विद्यार्थी-मंडळं आहेत. आइकफ ही कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना 1924 पासूनची, तर यूईएसआय ही इव्हॅन्जेलिकल विद्यार्थ्यांची 1954 पासूनची. जीझस यूथ या कॅथलिक तरुणांच्या चळवळीचेही गट असतात. तिथे बायबल उघडून चर्चा करायची सवय लागते, जी आपल्याकडे कमीच.

काळजी करायची ती कुठे? पुढारी एकटाच सगळं ठरवत असेल, घरच्यांशी संबंध तोडायला सांगत असेल, औषधं बंद करा म्हणत असेल, पैशांचा तगादा लावत असेल, सभेबद्दल गुप्तता पाळायला लावत असेल, तर तिथून तिला बाहेर काढायला हवं. आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा आग्रह झाला तर तिला माहीत असू द्या की पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. कॅथलिक चर्च तो दुसऱ्यांदा देत नाही.

मुलाचं ख्रिस्ती नसलेल्या मुलीवर प्रेम आहे.

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. आरडाओरडा आणि आजीच्या रक्तदाबाची धमकी बाजूला ठेवून आधी मुलीला भेटा. नियम काय आहेत तेही समजून घ्या, कारण दोन्ही बाजूंना गैरसमज फार.

कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायला दुसऱ्या व्यक्तीने धर्म बदलायची अट नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करायचा तर बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते, इतर पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी करायचा तर परवानगी. दोन्हीसाठी अर्ज आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपण ज्या चर्चच्या हद्दीत येतो तिथल्या, फादरांमार्फत जातो. कॅथलिक जोडीदाराने आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व संस्कार मिळावेत यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि दुसऱ्याला या वचनाची पूर्ण कल्पना द्यायची असते. नोंदणी विवाहासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि मुलगा 21, मुलगी 18 वर्षांची पूर्ण असावी लागते. नुसतं नोंदणीचं लग्न केलं तर चर्चच्या दृष्टीने ते पुरेसं धरलं जात नाही.

माझं म्हणणं असं: कॉलेजातल्या प्रेमावर लग्नाचा निवाडा करायची घाई नको. पण दोघं पुढे जाणार असतील तर मुलाला सरळ विचारा, तुझी मुलं रविवारी कुठे असतील? त्यांना प्रार्थना कोण शिकवेल? तिच्या घरच्या सणांत तू काय करशील? हे प्रश्न त्या दोघांनी आधी एकमेकांना विचारलेले बरे. बारशाच्या दिवशी ते पहिल्यांदा निघाले की फार महाग पडतात.

“तुम्ही बाटगे”, “तुम्ही मराठी कसं काय बोलता?” असं वर्गात कोणी बोललं तर?

मुलाला चिडायला किंवा मान खाली घालायला शिकवू नका, माहिती द्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. कवी नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आज मराठी चर्चमध्ये गायली जाणारी कितीतरी भजनं त्यांची आहेत. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागून लगेच धर्मांतर केलं नव्हतं. काही वर्षांनी, स्वतःला पटलं तेव्हाच केलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हे माहीत असलेलं मूल हसून उत्तर देऊ शकतं.

गंभीर त्रास असेल, धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला सक्तीने बसवत असतील, तर राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाचं तिसरं कलम दाखवा. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत संमतीशिवाय अशी सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. आधी प्राचार्यांशी शांतपणे बोला. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

उपवासकाळात मेसचं जेवण कसं जमवायचं?

सोपं आहे. उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. त्याची सुरुवात करणारा राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन उपासाचे दिवस. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण, आणि हा नियम अठराव्या वर्षापासून लागतो, म्हणजे कॉलेजात असतानाच पहिल्यांदा. त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदाव्या वर्षापासून. नियमाप्रमाणे मासे चालतात. कोकणी माणसाला बांगडा खाऊन उपवास घडतो म्हणणं म्हणजे गंमतच आहे, तेव्हा मुलाने त्या दिवसांत इन्स्टाग्राम सोडलं किंवा चहाचे पैसे बाजूला काढून कोणाला दिले तर ते माशापेक्षा अवघड आणि बरं.

पार्ट्या, दारू?

मद्य हे पाप नाही, आपल्या घरी नाताळला वाइन निघते. पण “ख्रिस्ती आहेस, तू तर पीत असशील” असं मुलांना कॉलेजात ऐकावं लागतं आणि काही मुलं ते खरं करून दाखवतात. याबद्दल बोलताना घरातल्या मोठ्यांच्या पिण्याबद्दलही बोलावं लागेल. तेवढी तयारी असेल तरच विषय काढा.

मी जहाजावर असतो, सहा-आठ महिने घरी नसतो. मी काय करणार?

तुमच्यासारखे बाप आपल्याकडे घराघरांत आहेत, कोणी बोटीवर, कोणी आखातात. आमच्याकडे धर्म हा बायकांचा विभाग मानला जातो. तेर्स आई सांगते, प्रथम ख्रिस्तप्रसादाची (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची) तयारी आई करून घेते, आणि घरी असलेले पुरुष प्रवचन सुरू झालं की बाहेर आंब्याखाली जाऊन उभे राहतात. मुलगे हे बघतात. मोठं झाल्यावर तेही त्याच आंब्याखाली जातात, किंवा तिथवरही येत नाहीत.

म्हणून तुमचा एक फोन आईच्या दहा फोनांइतका. बोटीवर रविवार कसा जातो, वादळात काय प्रार्थना केली, बंदरात चर्च सापडलं तेव्हा कसं वाटलं, हे मुलाला सांगा. सुट्टीवर याल तेव्हा त्याच्या शहरात जा, दोन दिवस राहा, आणि रविवारी त्याच्या बाजूला बाकावर बसा. प्रवचन संपेपर्यंत आत.

मुलगा फार उदास असतो. प्रार्थना कर म्हणून सांगतो आम्ही.

प्रार्थना करा, आणि डॉक्टरही गाठा. झोप उडणं, जेवण सुटणं, खोलीबाहेर न पडणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, ही आजाराची लक्षणं असू शकतात. त्यांना विश्वासाची कमतरता म्हणू नका. अपराधीपणाने ओझं वाढतं. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा असेल तर पहिली गाडी पकडा आणि त्याच्याजवळ जा, मिस्सा-नोव्हेना नंतर बघू.

मुलगी घरीच राहून कुडाळला कॉलेजला जाते, पण चर्चला येत नाही. एका घरात राहून चालवून घ्यायचं?

दूर गेलेल्यांपेक्षा हे जास्त टोचतं, कारण दर रविवारी बंद दार दिसतं. घराचे नियम ठेवायला हरकत नाही: संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे बसतात, तशी तीही बसेल, ओठ हलले नाहीत तरी चालेल. मिस्साला मात्र ओढून नेऊ नका. न येण्याचं कारण शोधा. कधी कॉयरमध्ये कोणाशी बिनसलेलं असतं. कधी चर्चमधल्या बायका कपड्यांवरून बोललेल्या असतात. कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, एखादे फादर कठोर बोलले असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात जाऊन कुमसार करता येतं, हेही सांगा.

आणि तिला काम द्या. वयाच्या विसाव्या वर्षीही आपण मुलांना मेणबत्त्या लावायला आणि खुर्च्या मांडायलाच बोलावतो. अकाउंट्स शिकणारीला फेस्ताचा हिशेब द्या, नर्सिंगवालीला वृद्धांच्या घरी पाठवा.

मुलगी धर्मभगिनी व्हायचं म्हणते, आम्हाला डॉक्टर करायची होती.

आधी शिक्षण पुरं करू दे, घाई करायला कुठलाच चांगला मठ सांगत नाही. तयारीची वर्षं लांब असतात आणि अंतिम व्रतं घेईपर्यंत परत फिरायची वाट मोकळी असते. आणि डॉक्टर असलेल्या सिस्टर्स आहेतच की.

धर्मग्रामातल्या पालकांनी मिळून काही करावं का?

करावं. जूनमध्ये बाहेर जाणाऱ्या मुलांची यादी करा: नाव, शहर, कॉलेज, मुलाची परवानगी असेल तर फोन. फादरांकडून त्या त्या शहरातल्या धर्मग्रामाला कळवा. पुण्यात किंवा मुंबईत आपल्या गावचं जे कुटुंब स्थायिक असेल, त्याला विचारा, महिन्यातून एक रविवार या मुलांना जेवायला बोलवाल का? गरम भात आणि तिरफळ घातलेली कढी असली की मुलं मिस्सा करूनच येतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत मुलं परत आली की त्यांची एक बैठक घ्या. त्यात पालक नकोत. फादर असले तरी त्यांनी पहिला अर्धा तास बोलू नये. वाचनं त्यांना द्या, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साची वाचनंसुद्धा, आणि चार दिवस आधी हातात द्या म्हणजे सराव होईल.